मालूकाकूचा पिवळा अंगठा

परवा माझ्या नातीने, सईने, मला एका तळघरात नेऊन उभं केलं. वर कपड्यांची दुकानं, त्यांच्यावर दातांचा दवाखाना, त्याच्यावर कसलेसे क्लास, आणि खाली हे गाड्या लावायचं तळघर. पेट्रोलचा, रबराचा, ओल्या सिमेंटचा वास. मी एका खांबापाशी थांबले आणि म्हटलं, इथेच. आमची टॉकीज इथेच होती, आणि या स्कूटी लावल्यायत ना ओळीने, साधारण तिथे बायकांच्या वेगळ्या दर्जापुढचा कापडी पडदा.

पार्किंगवाला आला. "अम्मा, आपकी गाड़ी कौन सी है?"

"गाड़ी नहीं है भिया. मॅटिनी देखने आई हूँ."

त्याने सईकडे बघितलं. सईने मान हलवून त्याला 'जाने दो' असं केलं. तिला वाटलं, आजीला दिसलं नाही. वाटू दे, मला काय.

अशा जागी येऊन माणसांना म्हणे भरून येतं. मला तसलं काही झालं नाही. मला राग आला. इतक्या वर्षांत नाती झाल्या, गुडघे गेले, टॉकीज गेली, हा राग मात्र जसाच्या तसा. माझ्या मालूकाकूने एका हिंदी पिक्चरमध्ये जे काम केलं, तसं काम मी त्यानंतर कुठल्या पडद्यावर पाहिलेलं नाही, आणि त्या वर्षीचं मोठं बक्षीस तिला दिलं नाही. नाही दिलं ते एक वेळ सोडा. का नाही दिलं याचं जे कारण सांगितलं, ते आठवलं की माझ्या हाताला आजही काहीतरी फेकून मारावंसं वाटतं.

तो काळ आमच्या नव्या प्रांताचा. मध्य भारत पुसून मध्य प्रदेश लिहायचं काम गावभर चाललेलं, आणि बापूकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, ऑफिसातून येताना कपड्यांना ताज्या पाट्यांच्या रंगाचा वास घेऊन यायचे. राजधानी भोपाळला गेली होती. तिच्यामागून कपाटं गेली, टेबलं गेली, टेबलांमागून कारकून गेले. बापूकाका कसेबसे इंदुरात टिकले. रामबागेतल्या आमच्या घरात आई-बाबा, मी, बापूकाका, त्यांची बायको मालूकाकू आणि बाबांची आत्या. तिला आम्ही आत्याआजी म्हणायचो. परकर नेसायच्या वयात विधवा झालेली, लाल आलवणातली, दिवसातून एकदा जेवणारी.

सकाळी गिरणीचा भोंगा, मग कोपऱ्यावरच्या पोह्यांची वाफ. त्या वाफेत वरून भुरभुरायच्या जिरावण मसाल्याचा तिखट वास मिसळला की समजायचं, भिया लोकांची पहिली पंगत उठली. हिवाळ्यात सराफ्याकडून गराडूचा कंद तळल्याचा वास यायचा. मालूकाकू या सगळ्यातून पिशवी घेऊन अशी जायची की तिच्याकडे कुणी वळून बघू नये. सावळी, हाडकुळी, नाक थोडं मोठं. गणपतीतल्या नाटकात दरवर्षी काम करायची. फार हळू बोलायची म्हणून मागून लोक ओरडायचे, "जोरात बोला हो." ती बोलायची नाही जोरात. घरी येऊन म्हणायची, "बाई आपल्या नवऱ्याशी बोलतेय स्वयंपाकघरात. तिथे मागच्या रांगेचा काय संबंध?"

एका वर्षी मुंबईचा एक डायरेक्टर गाव शोधत इकडे आला होता. त्याला माळव्यातली गव्हाची शेतं हवी होती. कुणीतरी त्याला आमच्या गणपतीत आणून मागच्या रांगेत बसवलं. मागच्या रांगेत बसून मालूकाकूचं ऐकू आलेला तो पहिला माणूस. दुसऱ्या दिवशी घरी हजर. पिक्चरमध्ये एका मोठ्या घरात राबणारी विधवा बुआ आहे, वाक्यं फार नाहीत, कराल का भाभीजी?

घरात जे व्हायचं ते झालं. आई म्हणाली, लोक काय म्हणतील. बाबा म्हणाले, लोक पुढच्या रांगेत बसून बघतील. बापूकाका म्हणाले, "मला विचाराल तर जावं तिने." त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शेवटी आत्याआजी बोलली. जपाची माळ खाली ठेवली आणि म्हणाली, "जा. पण कुंकू पुसायचं नाही. पुसणं काय असतं ते मला विचार. झाक हवं तर."

म्हणून शूटिंगभर, सांवेरकडच्या त्या गावात, रंगपटवाला काकूच्या कुंकवावरून राखी रंगाचा लेप द्यायचा. पडद्यावर जे पांढरंफटक कपाळ दिसतं, त्याच्याखाली कुंकू आहे. हे बघणाऱ्या कुणाला ठाऊक नाही. ठाऊक असायचं कारणही नाही. नटीने केलं, संपलं.

जायच्या आधी महिनाभर काकू आत्याआजीच्या मागे मागे असायची. ती पाणी कसं घेते, वाकताना कशाचा आधार घेते, कुणी हसलं की ती कुठे बघते. आत्याआजी वैतागायची. "माझ्या मागे काय लागलीस, मांजरासारखी?" काकू म्हणायची, "तुम्ही उंबरा ओलांडताना थांबता. का थांबता?" आत्याआजी म्हणाली, "मी थांबते?" आणि त्यानंतर दोन दिवस तिला धड चालता येईना.

पिक्चर आला तेव्हा रंगपंचमी होऊन गेली होती. राजवाड्यापुढच्या भिंतींवर गेरच्या मिरवणुकीचा गुलाल अजून होता, गटारं गुलाबी वाहत होती. आम्ही सगळे मॅटिनीला गेलो. आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी तेव्हा मॅट्रिकला होते आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. कपाळ केवढं, अक्कल केवढी. त्या पिक्चरची नायिका होती, तिच्या गालावर एक बट यायची. अडीच तास मी ती बट बघितली. नायिका हसली की बट हलायची, रडली की ओली व्हायची, आणि मी तिच्याबरोबर हसत-रडत होते. काकू पडद्यावर येत होती हे मला दिसत होतं, पण घरातली माणसं कुणी बघतं का? ती तर काकूच होती. ताक घुसळत होती. रोजच घुसळते.

घरी आलो. आई पदराने डोळे पुसत होती. काकू मोरीपाशी हातपाय धूत होती, आणि मी तिला विचारलं काय, तर, "काकू, त्या नटीची बट खरी का चिकटवलेली?"

काकूने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाली, "साखरेचं पाणी."

दुसऱ्या दिवशी मी साखरेच्या पाण्याने बट चिकटवून शाळेत गेले. भूगोलाच्या तासाला मुंग्या आल्या. बाईंनी विचारलं, काय झालं गं, नाचतेस काय? अशी मी रसिक.

दुसऱ्यांदा गेले ती आत्याआजीला घेऊन. ती जन्मात टॉकीजला गेली नव्हती. पडद्यामागे बायकांच्या गर्दीत, खस अत्तर, शेंगांची टरफलं, तान्ह्या मुलांचं दूध, या सगळ्या वासात ती पदर नाकाला लावून बसली होती. बट आता पाठ झाली होती म्हणा, किंवा शेजारी आत्याआजी होती म्हणून म्हणा, त्या दिवशी मी काकूला बघितलं.

सांगते. लग्नघर आहे. नवरीला हळद लावायची आहे. कुणाचा तरी पाय लागून हळदीची वाटी स्वयंपाकघराच्या दाराशी लवंडते. बायका हसत बाहेर जातात. पुसायचं काम बुआचं. ती फडक्याने पुसते, अंगठ्याला हळद लागते. बाहेर गाणी चाललीयत. ती हंड्यापाशी जाऊन हात धुते. चारही बोटं घासून धुते, अंगठा धूत नाही. एवढंच. चेहऱ्यावर काही नाही. डोळ्यांत पाणी नाही, ओठ थरथरत नाहीत. मग पंगत वाढताना तो अंगठा तिने तळहातात मिटून घेतलाय, आणि तशा मुठीने ती भातवाढी धरते, जरा अवघडच धरते. मग नवरी येते पाया पडायला. बुआ तिच्या डोक्यावर हात ठेवते, आणि तो हात मूठ असते. मूठ न उघडता आशीर्वाद देते. नवरी वर बघते तोवर बुआ ताटं उचलायला लागलेली असते.

पिक्चर काळा-पांढरा. हळद पिवळी दिसायचं कारण नाही. पण रामबागेतल्या कुठल्याही बाईला विचारा, तो अंगठा पिवळा होता. आमच्या शेजारच्या वकीलकाकू तर शपथ घ्यायला तयार. तेवढाच तुकडा रंगीत काढलाय म्हणे, मुंबईला आता तशी मशीन आलीय.

आत्याआजीने पदर नाकावरून काढला होता. पिक्चर संपून दिवे लागले, लोक उठले, तरी ती उठेना. मी म्हटलं, "चला, आजी." तर म्हणाली, "हिला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "काय?" ती उठून चालायला लागली. टांग्यात बसेपर्यंत तिने माझा हात धरला होता, आणि तिच्या दुसऱ्या हाताचा अंगठा तळहातात मिटलेला होता.

डायरेक्टर तेव्हा दर थोड्या दिवसांनी यायचा. त्याच्या डोक्यात पुढचा पिक्चर होता, संपूर्ण काकूवर. सायकलवरून खेडोपाडी फिरणारी एक नर्सबाई. पण पैसे लावणारे म्हणत होते, या चेहऱ्याला कोण बघणार? बक्षीस मिळवून दाखवा, मग बघू. म्हणजे सगळं त्या बक्षिसावर आलं होतं. शोकेसमध्ये ठेवायला बक्षिसाची ती बाहुली हवी म्हणून नाही. बक्षीस मिळालं तर ती नर्सबाई, नाहीतर पुन्हा पिशवी आणि कोपऱ्यावरची मेथी. हे घरात सगळ्यांना कळत होतं.

काकूने वाट बघत बसण्यापेक्षा सायकल शिकायला घेतली. पहाटे छत्रीबागेकडच्या मोकळ्या जागेवर, भाड्याच्या लेडीज सायकलवर. मी सीट धरून मागे, बापूकाका दोन्ही हात पसरून पुढे, म्हणजे पडली तर त्यांच्यावर पडावी. पडली की पडायचीच त्यांच्यावर. कडुनिंबाच्या मोहोराचा वास, भोंगा व्हायच्या आधीची शांतता, आणि त्यात काकूची साखळी करकरायची. आठवड्यात तोल सांभाळू लागली. मी म्हटलं, "आली की सायकल." ती उतरून धापा टाकत म्हणाली, "येऊन काय उपयोग? वर्षानुवर्षं चालवल्यासारखी यायला हवी. खाली न बघता उतरता आलं पाहिजे, दुसऱ्याशी बोलत बोलत." मग ती त्याच त्या जागी चढत उतरत राहिली. बोलायला समोर कुणीतरी हवं म्हणून बापूकाका उभे. "नमस्ते बाईजी, बच्चा कैसा है?" असं त्यांनाच विचारून ती उतरायची, आणि ते म्हणायचे, "ठीक है सिस्टरजी, दो दाँत आए हैं." गवळी थांबून बघायचे.

चैत्रात गौर बसली. आमच्याकडे इंदुरात चैत्रगौरीचं हळदीकुंकू म्हणजे महिनाभर या घरून त्या घरी. पायऱ्यापायऱ्यांची आरास, झोपाळ्यावर गौर, कोरलेलं कलिंगड, दारांना ओल्या वाळ्याचे पडदे. कैरीची डाळ, वेलदोड्याचं पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. मोगऱ्याचा वास इतका की डोक्यात चढावा. त्या संध्याकाळी वकीलकाकूंकडे होतं. वकीलकाकू आदल्याच दिवशी मॅटिनीला जाऊन आल्या होत्या, तिसऱ्यांदा.

बायका ओळीने बसल्या होत्या. वकीलकाकू करंडा घेऊन एकेकीला हळदकुंकू लावत, अत्तर लावत पुढे सरकत होत्या. माझी आई झाली. आईशेजारी मालूकाकू, कपाळावर हे एवढं ठळक कुंकू, हातभर बांगड्या. वकीलकाकूंचा हात तिच्यापाशी आला आणि पुढे गेला. तिला वगळून मला लावलं. आणि मागे वळून अगदी मायेने काकूला म्हणाल्या, "तुम्ही आत बसता का, आत्याबाईंजवळ? पंखा आहे तिकडे. डाळ तिकडेच पाठवते."

आत विधवा बायका बसायच्या, आमच्या आत्याआजीसारख्या.

कुणाचा पन्ह्याचा पेला वाजला तेवढाच. माझी आई लाल झाली. वकीलकाकूंना आधी कळेना सगळ्या का थांबल्या, मग त्यांची नजर काकूच्या कपाळावर गेली, आणि त्यांचा हातातला करंडा असा लटपटला की कुंकू सतरंजीवर. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या, आणि मटकन खाली बसल्या. मग काकूची हनुवटी धरून, रडत, तिला इतकं कुंकू लावलं की नाकावर सांडलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच घरी हजर, खण घेऊन, नारळ घेऊन. बापूकाकांना म्हणाल्या, "भाऊजी, मला माफ करा, तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य आहे." बापूकाका म्हणाले, "वहिनी, मी काल तेवढा वेळ मेलो होतो ते मला कळलंही नाही. ऑफिसात होतो."

त्या संध्याकाळी परत येताना काकू गल्लीत एकदम थांबली होती. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. आवाज न करता, भिंतीला हात टेकून. म्हणाली, "बघितलंस? कुंकू दिसत होतं तिला. तरी नाही दिसलं." मग डोळे पुसून म्हणाली, "आता मिळतंय गं ते बक्षीस."

मी म्हटलं, मिळणारच. मी काय, दोन्ही वेण्यांना रिबिनी लावून मुंबईला समारंभाला जायची तयारी करत होते. बट ठेवायची का नाही, एवढाच प्रश्न शिल्लक होता.

डायरेक्टर आला तो आषाढात. भुट्ट्याचा कीस शिजत होता, दुधाचा आणि हिरव्या मिरचीचा वास घरभर. तो ओल्या छत्रीसकट आत आला, छत्री कुठे ठेवावी ते त्याला कळेना. तेव्हाच समजायला हवं होतं. काकूने त्याच्यापुढे कीस ठेवला. त्याने चमचा उचलला नाही.

"भाभीजी, नहीं हुआ."

कुणाला झालं, तर दुसऱ्या एका पिक्चरमध्ये खोकून खोकून मेलेल्या एका बाईला. मी तो बघितला होता. रेशमी पांघरुणात, लिपस्टिक लावून, गाणं पूर्ण करून मेली होती. खोकला फक्त कडव्यांच्या मध्ये.

काकूने विचारलं, "क्या कहा उन लोगों ने?"

 बापूकाकांनी दोनदा विचारलं तेव्हा खाली बघत म्हणाला, "उनका कहना है, इसमें अभिनय क्या है? वो तो है ही वैसी. उनको लगा आप सचमुच की विधवा हैं. मैं गाँव से उठाकर ले आया. मैंने समझाया, बहुत समझाया. हँसने लगे. बोले, हमें मत बनाओ, ऐसा कोई कर ही नहीं सकता."

घरात कीस खदखदत होता. बापूकाका खुर्चीत सरळ बसले आणि अतिशय शांतपणे म्हणाले, "साहब, मैं यहीं बैठा हूँ."

हसू नका. मी तेव्हा हसले होते, आईने मला चिमटा काढला. कारण काकूचा चेहरा. त्या चेहऱ्यावर काही नव्हतं, अगदी पिक्चरमध्ये होतं तसं काही नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे मी थोडं वाईट केलं असतं, तर मिळालं असतं?"

डायरेक्टरला मराठी कळत नव्हतं. हे मात्र कळलं. म्हणाला, "थोड़ा दिखना चाहिए, भाभीजी, कि ऐक्टिंग हो रही है."

"मैं चलती हूँ उनके सामने," काकू म्हणाली. "ऐसे ही. चूड़ी-कुंकू के साथ. वहीं करके दिखाती हूँ."

"अब तो नाम छप गया."

 त्याने कीस खाल्ला नाही, छत्री विसरून गेला. बापूकाका पायरीपर्यंत गेले. मग म्हणाले, "इंदूरला सवय आहे. राजधानी तिकडे, बक्षीस तिकडे." आणि आत येऊन त्यांनी काकूच्या पुढ्यात किसाची ताटली ठेवली. ती खाल्ली नाही तिने. आत्याआजीने उचलली आणि म्हणाली, "खा. मी सांगतेय."

मी या गोष्टीवर आयुष्यभर डोकं आपटलं आहे. वकीलकाकूंनी जी चूक केली, तीच त्या शहाण्यांनी केली. दोघांनाही वाटलं, ही बाई विधवाच. पण वकीलकाकूंची नजर कपाळावर गेली तेव्हा त्यांच्या हातचं कुंकू सांडलं, त्या खाली बसल्या, दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन आल्या. त्या कधी थिएटरबद्दल बोलल्या नाहीत, त्यांना अभिनय म्हणजे काय हेही सांगता आलं नसतं. आणि हे कोट घातलेले लोक. एक माणूस समोर उभा राहून सांगतोय की नाही हो, नटी आहे, नवरा जिवंत आहे, इंदुरात भाजी आणते. तर हसले. ज्यांना सुगरणीच्या हातचं जेवून वाटावं की भात आपोआप शिजला, असले हे परीक्षक. बाई इतकी खरी, की तिला मजुरीच द्यायची नाही. आणि वरून हे कौतुक म्हणून सांगायचं.

आणि तिकडे ती मेली खोकून.

नर्सबाईचा पिक्चर झाला नाही. पैसेवाले पांगले, डायरेक्टर कुठे दक्षिणेकडे निघून गेला. मुंबईहून काकूला बोलावणी आली, नाही असं नाही. सगळी विधवांची. एकाने सरळ विचारलं म्हणे, वही वाली बुआ फिर से कर देंगी? काकूने बापूकाकांना सांगितलं, "कळवा, ती वारली." भाड्याची सायकल परत गेली. छत्रीबागेपाशी नंतर म्युनिसिपालिटीने बाग केली, कारंजं केलं. मी तिथून जायचे तेव्हा मला अजून वाटायचं, कुणीतरी कुणाला बाळाच्या दातांबद्दल सांगतंय.

भाद्रपदात गणपतीचं नाटक आलं. मंडळाचे लोक भीत भीत विचारायला आले. काकू म्हणाली, करते. पहिल्या रात्री ती रंगमंचावर आली आणि अशी ओरडली की माझ्या मांडीवरची चुरमुऱ्यांची पुडी सांडली. छाती बडवली, केस सोडले, खांबाला मिठी मारली, मुलगा घरी उशिरा आला एवढ्याच कारणावरून भोवळ येऊन पडली. मागच्या रांगेने टाळ्यांचा कडकडाट केला. पहिल्यांदाच त्यांना सगळं ऐकू आलं होतं. कॉलेजातले एक प्रोफेसर परीक्षक होते, त्यांनी भारावून भाषण केलं आणि काकूला चांदीचा पेला दिला, उत्कृष्ट अभिनयाचा.

घरी आल्यावर आत्याआजीने पेला हातात घेऊन विचारलं, "हा कशाबद्दल?"

"ओरडल्याबद्दल," काकू म्हणाली. आणि त्यानंतर तिने तोंडाला रंग लावला नाही. कधीच नाही. मी तिला पुष्कळदा छेडलं, लग्न होऊन मी महूला गेले तरी दर दिवाळीला यायचे आणि छेडायचे. ती म्हणायची, "मला वाईट करता येतं, ते दाखवलं. बरं करता येतं, ते दाखवलं. आता राहिलं काय?" राहिलं होतं, काकू. ती नर्सबाई राहिली होती. तिच्यानंतरची एखादी शिक्षिका, एखादी चोरटी, एखादी नुसती हसरी बाई, म्हातारपणीची खाष्ट सासू, सगळ्या राहिल्या होत्या. त्या कुणी बघितल्याच नाहीत, म्हणून त्या गेल्याचं कुणाला दुःखही नाही. मला आहे. मला राग आहे.

काकू बापूकाकांच्या आधी गेली, भरल्या कपाळाने. हे मी मुद्दाम सांगते.

तर परवा, त्या तळघरात. सई म्हणाली, "आजी, तुझ्या काकूंची पिक्चर कुणीतरी मोबाइलवर टाकलीय. पूर्ण नाही, तो अंगठ्यावाला सीन आहे ना, तेवढाच." दोन स्कूटींच्या मध्ये उभं राहून मी तो बघितला. पडदा तळहाताएवढा. पण काकूने अंगठा मिटला, आणि तो पिवळाच होता.

"बघ ना, किती तारीफ करतायत लोक," सई म्हणाली आणि खाली सरकवून वाचायला लागली. "कितनी नॅचरल है, लगता ही नहीं ऐक्टिंग है. हे दुसरं. ये कोई ऐक्ट्रेस नहीं थी, असली विधवा थी, गाँव से लाए थे. आजी, याला तर खूप लाइक आहेत."

मी काठी जमिनीवर आपटली. पार्किंगवाला लांबून बघायला लागला.

"तुला लिहिता येतं यात?"

"हो. तू सांग."

"लिही, या बाईचं नाव मालती." तिने लिहिलं. "लिही, नवरा जिवंत होता."

"असं नको ना लिहायला, आजी, लोकांना ऑड वाटेल. काहीतरी प्रूफ सांग ना. की ती ऐक्टिंगच होती."

पुरावा. मी एकदा गेले होते शूटिंगला, बापूकाकांबरोबर, डबा घेऊन. सांवेरच्या पुढे, गव्हावर दव होतं, शेकोटीचा धूर डोळ्यांत जात होता. ते चुलीचं घर खरं नव्हतंच, तीन भिंती आणि मागे शेत. हाच सीन होता. नवरी वाकली, काकूने मूठ डोक्यावर ठेवली, गावातल्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, एक तर मोठ्याने रडत होती. मी नायिका कुठे दिसते ते शोधत होते, ते जाऊ दे. मग डायरेक्टर म्हणाला, कट. आणि त्याच क्षणी, डोळ्यांतली ती बुआ कुठे गेली कुणास ठाऊक, काकूने मूठ उघडली, रंगवलेला अंगठा नवरीच्या नाकाला पुसला आणि शेतात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने खो खो हसली. "भिया, चाय लाओ, बुआ मर गई ठंड से."

"आजी, सांग ना. काय लिहू?"

मी म्हटलं, "लिही, मी तिथे होते. शॉट संपला आणि ती हसली."